पाच लाखांचं कार्ड आणि डोळ्यांत घालायचे दोन थेंब

कोल्हापुरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वडील ७२ वर्षांचे, सूतगिरणीतून निवृत्त, नऊ वर्षांपासून मधुमेह. पेन्शन दोन हजारांच्या आत. आई ६४ वर्षांची. वडिलांकडं सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, घराचं रेशनकार्ड केशरी. भाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, पगार १८,०००. वडिलांचा चष्मा पाच वर्षांपूर्वीचा, पेपर नीट दिसत नाही, म्हणून ताई त्यांना डोळ्यांच्या एका खासगी रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथं सांगितलं, "कार्डावर नुसती तपासणी होत नाही. तपासणीचे ४०० आणि पडद्याच्या स्कॅनचे १,५०० भरा." नंतर काउंटरवरच्याच एकानं बाजूला घेऊन सुचवलं, "दोन दिवस ॲडमिट दाखवू, राहायचं घरीच. सही आणि अंगठा तेवढा द्या. आईंनाही घेऊन या, दोघांचंही कार्डात बसवतो." वडील म्हणतात, सरकारनं दिलेले पाच लाख वर्ष संपलं की वाया जाणार, मग वापरले तर बिघडलं काय? भावाचंही तेच मत. आई म्हणते, "मला आता चष्म्याशिवाय पोथी वाचता येते, माझं काय तपासायचं?" ताई लिहितात, "खोट्यावर सही करायला मन धजत नाही आणि १,९०० रुपयेही जड जातात. मग कार्ड असून उपयोग काय?"

ताई,

सही द्यायची की नाही एवढाच प्रश्न असता, तर उत्तर एका शब्दात संपलं असतं: नको. तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर मात्र तेवढं सोपं नाही, कारण त्या कार्डाकडून जी अपेक्षा तुम्ही धरली आहे ती मुळातच त्याच्या कामाची नाही.

काउंटरवर पहिल्यांदा जे सांगितलं ते खरं होतं. तुम्हाला ती टोलवाटोलवी वाटली, पण वय वंदना असो की राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना, दोन्हीत पैसे मिळतात ते यादीतल्या ठरावीक उपचारांचे. प्रत्येक उपचाराला एक कोड आणि एक रक्कम असते. आरोग्यमित्र (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) नोंदणी करतो, रुग्णालय त्या कोडसाठी ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, मंजुरी आल्यावर उपचार होतो, मग डिस्चार्ज आणि शेवटी क्लेम, म्हणजे रुग्णालयाची पैशांची मागणी. ओपीडीत बसून नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, पडदा बघणं या गोष्टी या साखळीत स्वतंत्रपणे कुठंच बसत नाहीत. ओपीडीतले उपचार आणि केवळ तपासण्यांसाठी दाखल होणं, दोन्ही आयुष्मान योजनेतून स्पष्ट वगळलेलं आहे.

लोकांचा गोंधळ होतो तो मोतीबिंदूमुळं. शेजारचे काका सकाळी गेले आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी आले, खिशातला रुपया गेला नाही. ते कुठं दोन दिवस राहिले, असं आपल्याला वाटतं. तसल्या शस्त्रक्रिया डे-केअरमध्ये मोडतात, तिथं चोवीस तास खाटेवर राहण्याची अट नसते. पण शस्त्रक्रिया खरोखर झालेली असते. तुमच्या बाबतीत उपचारच नाही, आणि खाट दाखवून तो तयार होत नाही.

वडिलांच्या 'वाया जाणाऱ्या' पाच लाखांबद्दलही थोडं बोलावं लागेल. ही रक्कम कुठल्या खात्यात जमा होऊन पडलेली नसते. ती वर्षाची कमाल मर्यादा आहे. आजारी न पडल्यामुळं ती वापरली गेली नाही तर त्यात तोटा कसला? शिवाय वय वंदनाची मर्यादा घरातल्या सत्तर आणि त्यापुढच्या माणसांपुरतीच आहे. आई ६४ वर्षांच्या, म्हणजे त्या या कार्डात येतच नाहीत. त्यांच्यासाठी रेशनकार्डावरची फुले योजना. 'दोघांचंही कार्डात बसवतो' याचा अर्थ दोन माणसांच्या नावावर दोन वेगवेगळे खोटे क्लेम.

आणि त्या क्लेममध्ये लिहिणार काय? 'डोळे तपासले' असं लिहून तर काही मिळत नाही. कोड हवा, म्हणजे न झालेला काहीतरी उपचार झाला असं लिहावं लागेल. समजा, वडिलांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर लेझर केलं असं नोंदवलं. उद्या त्याच डोळ्याला खरंच लेझरची गरज पडली, तर मंजुरी देणारे आधीची नोंद बघून शंका काढणारच. घाई असेल तेव्हाच नेमकी फाइल अडकेल. खातरजमेसाठी रुग्णाच्या मोबाइलवर फोनही येतो: किती दिवस होता, काय केलं, पैसे घेतले का? त्या फोनवर ७२ वर्षांच्या माणसानं खोटं बोलायचं, आणि तेही घरच्यांनी पढवून! ओपीडीचा रुग्ण दाखल दाखवणं योजनेच्या नियमांत सरळ गैरव्यवहार म्हणून मोजलं जातं. रुग्णालयावर दंड, पॅनेलवरून काढणं अशी कारवाई होते, आणि कागदावर सही तुमची असल्यामुळं 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

सही-अंगठा आधीच देऊन झाला असेल (असे वाचकही असतील) तर घाबरून गप्प बसू नका. आयुष्मानच्या १४५५५ किंवा फुले योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करून आपल्या नावावर पूर्वमंजुरी मागितली आहे का ते विचारा. मागितली असेल तर 'मी दाखल झालेलो नाही, उपचार घेतलेला नाही' असं सांगून तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि रुग्णालयालाही तेच लेखी देऊन पोच घ्या.

आता तपासणीकडं येऊ. तुम्ही तिला 'नुसती तपासणी' म्हणता. नऊ वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तो शब्द मला फार हलका वाटतो. मोठ्या वयात होणाऱ्या (टाइप २) मधुमेहात निदान झालं त्याच वेळी पडदा तपासायचा असतो, आणि पुढं दरवर्षी. साखरेमुळं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात तेव्हा सुरुवातीला माणसाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, दिसणं कमी होत नाही. दिसायला कमी आलं म्हणजे बहुतेक वेळा बराच उशीर झालेला असतो. तेव्हा वडिलांची तपासणी पाच वर्षं राहिली, की नऊ वर्षांत एकदाही झाली नाही, हे आधी त्यांना विचारा.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून दिला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. गल्लीतल्या शिबिरातही बहुतेक वेळा तक्ता वाचून घेतात, मोतीबिंदू आहे का बघतात आणि पुढं पाठवतात. पुऱ्या तपासणीत चार गोष्टी याव्यात: प्रत्येक डोळ्याची वेगळी नजर आणि नंबर, डोळ्याचं प्रेशर (काचबिंदूसाठी, चाळिशीनंतर प्रत्येकाचं), समोरच्या भागाची स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शक यंत्रावर पाहणी, आणि थेंब घालून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. वडिलांसाठी चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच गर्दीत सुटते. म्हणून केसपेपर काढतानाच 'नऊ वर्षं शुगर आहे, पडदा बघायचा आहे' असं तोंडानं सांगा.

१,५०० रुपयांच्या स्कॅनबद्दल एक शंका मनात ठेवा. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी ते लागतंच असं नाही. डॉक्टरांनी थेंब घालून पडदा नीट बघितला आणि मध्यभागी सूज आल्याचा संशय आला, तर स्कॅनला अर्थ आहे. पडदा बघायच्या आधीच काउंटरवरून स्कॅनची पावती फाडत असतील, तर 'आधी डॉक्टरांनी बघू दे, त्यांनी लिहून दिलं तर करू' एवढं नम्रपणे म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. तुमच्या १,९०० पैकी मोठा वाटा कदाचित तिथंच वाचेल.

नवा चष्माही लगेच करू नका. साखर खूप वर असताना डोळ्यातल्या भिंगाचा फुगवटा बदलतो आणि नंबर सरकतो. त्या दिवशीच्या नंबरावर चष्मा केला आणि महिन्यानं साखर आटोक्यात आली, की तोच चष्मा त्रास द्यायला लागतो. मग दोष येतो दुकानदारावर. साखर काही आठवडे स्थिर राहू दे, मग नंबर काढा.

फुकट कुठं, हा तुमचा खरा प्रश्न. त्याची दोन उत्तरं आहेत आणि त्यातलं एक तुमच्याच घरात आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत. त्यासाठी आयुष्मान कार्डही लागत नाही. शहरात राहणाऱ्यांना कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय जवळचं, गडहिंग्लजकडच्या वाचकांना तिथलं उपजिल्हा रुग्णालय. ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ते नंबर काढतात, मोतीबिंदू ओळखतात आणि पडद्याचं काही वाटलं तर वर पाठवतात. मात्र डोळ्यांची ओपीडी सगळीकडं रोज नसते. वार आधी विचारून घ्या, नाहीतर केएमटी बसचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया.

आपला थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला आहे. तो वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतो, त्यामुळं वरचा निःशुल्क निर्णय तिथं जसाच्या तसा लागू होत नाही, पण जे शुल्क आहे ते नाममात्र. वडिलांच्या पडद्यासाठी मी सीपीआरच पहिलं निवडीन, कारण नेत्रविभागाचे डॉक्टर तिथं असतात आणि पुढं काही निघालं तर फाइल त्याच इमारतीत सरकते. त्याची किंमत म्हणजे रांग. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी पोचा. घरून नाश्ता करून, साखरेच्या गोळ्या नेहमीप्रमाणं घेऊनच जा, 'तपासणी आहे' म्हणून उपाशी नेऊ नका. रांगेत साखर उतरून चक्कर येणारे रोज असतात. सोबत जुना चष्मा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि अलीकडचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ठेवा. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पुढं चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं, ऊन डोळ्यात खुपतं. टोपी किंवा काळा चष्मा न्या, आणि वडिलांना त्या दिवशी स्कूटर अजिबात देऊ नका.

कार्डाची केवायसी राहिली असेल किंवा आईंची करायची असेल तर ती थेंबांच्या आधी उरका. गिरणीत राबलेल्या बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, मग डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायला जातात, आणि थेंब घालून बाहुली ताणली असेल तर यंत्र तेही नीट वाचत नाही. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. आधार आणि रेशनकार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच, बरं असताना दुरुस्त करून घ्या.

घरातलं दुसरं उत्तर म्हणजे भावाची पगाराची स्लिप. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात २१,००० पर्यंत पगार असेल तर राज्य कामगार विमा योजना (ईएसआय) लागू होते. १८,००० वर भावाचे पाऊण टक्क्यानं १३५ रुपये कापले जातात, कंपनी सव्वातीन टक्क्यानं ५८५ भरते. म्हणजे त्याच्या नावानं महिन्याला ७२० रुपये आरोग्यासाठी जमा होताहेत आणि तुम्ही कार्डाच्या मागं धावताय! ईएसआय ही जन आरोग्य योजनेसारखी कोडावर चालत नाही. तिथं ओपीडी आहे, औषधं आहेत, तज्ज्ञांकडं पाठवणं आहे. कामगारावर अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत हवं, आणि तुमच्या वडिलांची पेन्शन त्यात सहज बसते. वय वंदना कार्ड असलं तरी ईएसआयला अडचण नाही, दोन्ही ठेवता येतात.

बहुतेक घरांत गाडी अडते ती नोंदणीवर. नोकरीला लागताना पोरगं एकटं असतं, घाईत फक्त स्वतःचं नाव भरतं आणि आईवडिलांची नावं राहून जातात. भावानं दहा अंकी विमा क्रमांक घेऊन पोर्टलवर किंवा कंपनीच्या कार्यालयातून दोघांचं आधार जोडून नावं चढवून घ्यावीत आणि नवं ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) छापून घ्यावं. त्यावर जो दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर असेल, आधी तिथं जायचं. तिथून चिठ्ठी घेऊन मग कामगार विमा रुग्णालयाच्या नेत्रविभागात. चिठ्ठीशिवाय परस्पर खासगीत जाऊन नंतर बिल सादर केलं तर तातडीचा प्रसंग सोडून पैसे मिळत नाहीत. भावाचा पगार २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत कपात आणि सोय दोन्ही चालू राहतात. तेव्हा बढतीची चिन्हं असतील तर तपासण्या आधी उरका.

आणि हो, भाऊ फाउंड्रीत आहे. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला तर सोबत्याच्या रुमालाच्या टोकानं काढू नये, सरळ दवाखाना गाठावा आणि सुपरवायझरकडून अपघाताची नोंद करून घ्यावी. ती नोंद नसली की पुढं तो कामावरचा अपघात ठरवताना दमछाक होते.

वेळ आणि खाड्याचा हिशेब करून तुम्ही शेवटी ४०० रुपये भरून खासगीत तपासणी करायचं ठरवलंत, तर त्यातही कमीपणा नाही. वर्षातून एकदा ४०० म्हणजे महिन्याला ३४ रुपयेही नाहीत. फुकटाच्या शोधात तपासणी आणखी वर्षभर लांबण्यापेक्षा हा सौदा कितीतरी बरा.

कार्डाची पाळी येईल ती त्यानंतर. मोतीबिंदू पिकलेला निघाला, पडद्याला लेझर किंवा शस्त्रक्रिया सांगितली, तर तिथंच थांबा आणि पुढच्या एकाही चाचणीचे पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राकडं जा. नेमका कोणता कोड, तो या रुग्णालयाला मंजूर आहे का, की फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे, हे तीन प्रश्न विचारा. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांतल्या चाचण्या आणि नंतरच्या १५ दिवसांची औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात. लोक काय करतात, आठवडाभर आधी भिंगाचं माप, रक्त, ईसीजी सगळं रोखीनं करून घेतात आणि मग कार्ड काढतात. ते पैसे परत मिळत नाहीत. तसंच 'कार्डातलं भिंग साधं आहे, वरचे इतके भरा तर भारीतलं घालतो' असं कुणी म्हणालं, तर मागितलेली रक्कम लिहून मागा आणि १५५३८८ ला विचारल्याशिवाय देऊ नका.

एका प्रसंगात मात्र यातलं काहीच शोधत बसायचं नाही. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं झालं, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं, एकदम काळे ठिपके आणि विजेसारखे लखलखाट दिसायला लागले, किंवा डोळा लाल होऊन डोकं दुखतंय आणि उलटी होतेय, तर त्याच दिवशी, मिळेल त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं.

राहता राहिल्या आई. चष्म्याशिवाय पोथी वाचता येते म्हणून त्या खूश आहेत, घरचेही 'डोळे परत आले' म्हणत असतील. साठी उलटल्यावर जवळचा चष्मा आपोआप सुटला तर ते बहुतेक वेळा चांगलं लक्षण नसतं. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात तयार होताना नंबर उणेकडं सरकतो, त्यामुळं जवळचं काही दिवस चांगलं दिसतं आणि लांबचं धूसर होत जातं. साखर वाढल्यानंही तसंच होतं, आणि आईंची साखर शेवटची कधी बघितली हे तुमच्या पत्रात नाही. त्यांना दाराशी उभं करून समोरच्या दुकानाची पाटी एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. मग वडिलांबरोबर त्यांचाही केसपेपर काढा. फक्त न्यायला तुम्ही एकट्याच असाल तर दोघांच्या डोळ्यांत एकाच दिवशी थेंब घालून घेऊ नका. दोन्ही हातांना दोघं अंधुक दिसणारे धरून भाऊसिंगजी रोड ओलांडायचा म्हणजे तुमचीच परीक्षा.